जावक क्रमांक २१७-अ

४ फेब्रुवारी

ती. ताई,

हे एकोणिसावं. आधीची अठरा जशी गेली तशी परत आली. पाकिटावर पोस्टाचा ‘घेण्यास नकार’ हा शिक्का आणि खाली तुझी सही. सही मात्र दर वर्षी पूर्ण, घोटून केलेली. मला लिहायला तूच शिकवलंस, त्यामुळे ते अक्षर ओळखायला भिंग लागत नाही. आमचा पोस्टमन हल्ली पाकीट परत देताना माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघतो. भला माणूस आहे.

माझं बरं चाललंय. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं दोन महिन्यांनी करू म्हणतात. खोली तीच, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची. दिवसभर खालून पंपाचा आवाज येत राहतो, पेन्शनर माणसाला तेवढी सोबत पुरते. चार भिंतींतलं चार भिंतींत ठेवायची नोकरीतली सवय अशी हाडात मुरलीय, की दुकानदाराने ‘पिशवीत काय आणलंत?’ विचारलं तरी मी ‘विशेष काही नाही’ म्हणतो. पिशवीत बटाटे असतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या फौजदाराचं कार्ड आलं. तुझी लेक तीन वर्षांची असताना दारात उभी राहून ‘कुठे चाललास? का? कधी येणार?’ अशी सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची, तेव्हापासून माझ्या लेखी ती फौजदारच. आता ती खरीच कॅप्टन झाली आणि तीही आमच्याच गुप्तवार्ता शाखेत, हे मला एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. तुझ्याकडून कळायचा प्रश्नच नव्हता.

शाखेच्या प्रशिक्षण शाळेत ती शिकवते. तिथे गिरणीचा एक धडा आहे म्हणे. धोक्याची सूचना मिळूनही कमांडरने ती मनावर घेतली नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण म्हणून. त्यात नाव कुणाचंच नाही, नुसतं ‘कंपनी कमांडर’. तुला मला ठाऊक आहे की ते भावजी. त्या पिठाच्या गिरणीत पहाटे भावजी आणि त्यांची दहा माणसं मारली गेली, आणि ठपका भावजींवर ठेवला गेला. यंदा तो धडा घ्यायची पाळी नेमकी तिच्यावर आलीय. हा कमांडर माझा बाप होता, असं तिने वरिष्ठांना सांगितलं असतं तर धडा दुसऱ्या कुणाला दिला असता. तिने सांगितलेलं नाही.

कार्डावर ना ‘कसे आहात’, ना ‘सा. न.’. एवढंच: ‘मामा, हेडक्वार्टरच्या जावक रजिस्टरमध्ये २१७ नंतर २१८ यायला हवा. मध्ये २१७-अ कुठून आला?’

कारकुनी बाब आहे. धावपळीच्या दिवसांत असं होतं. मी तिला तसंच कळवीन. तुला सांगितलं ते अशासाठी, की पोरगी जुनी दप्तरं उकरत बसलीय आणि त्यात तिचाच जीव पोळेल. तुझ्या शब्दाला ती मान देते. जमलं तर तिला थांबव.

तब्येत जप.

तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

ती. ताई,

एकोणिसावं परत आलं. नेहमीप्रमाणे बारा दिवसांत.

फौजदाराचं दुसरं कार्ड आलं: ‘२१७ आणि २१८ निळ्या शाईत आहेत. २१७-अ काळ्या शाईत आहे, आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत बसवलेलं आहे. धडा वीस एप्रिलला आहे.’

ही पोर भावजींवर गेलीय. त्यांच्याही नजरेतून काही सुटायचं नाही. तुमचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. फळ्यावरचं मला दिसत नाही, हे ना मास्तरांना कळलं ना तुला. भावजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘धाकट्या, डोळे बारीक करून का बघतोस?’ आणि मला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं. पुढे सैन्यात भरतीचा अर्जही त्यांनीच भरून दिला. म्हणाले, ‘याला बंदूक नको, भिंग द्या.’

तर ऐक. चौकशी समितीपुढे मी शपथेवर सांगितलं, की आदल्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गिरणीतल्या कंपनीला वायरलेसवरून सूचना पाठवली, आणि तिची नोंद जावक २१७-अ. त्या साक्षीवरून निकाल लागला: सूचना मिळूनही कमांडरने पहारा निम्म्यावर ठेवला. छावणीतल्या दगडावर दहा नावं कोरली गेली, अकरावं वगळलं. समितीच्या फाटकाबाहेर तू मला म्हणालीस, ‘आता माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस.’ मी आलो नाही.

ती सूचना गेलीच नव्हती, ताई.

गिरणीपासून मैलभरावर दगडाची जुनी खाण होती. शत्रूची तुकडी त्या खाणीतून निघून गेली, असं आम्ही सकाळी कंपनीला कळवलं होतं. त्या भरवशावर दमलेली माणसं दोन वाजता गिरणीत उतरली. साडेतीनला विमानातून काढलेला फोटो माझ्या टेबलावर आला. त्यात खाणीकडे वळलेले चाकांचे ताजे माग दिसत होते. मी तो साहेबांकडे नेला. आमच्या खोलीचे साहेब तुला आठवत असतील, तुमच्याकडे जेवायला आले होते, कॉलर घट्ट आवळणारे. ते म्हणाले, ‘एकट्या फोटोवर सकाळचा पक्का निष्कर्ष फिरवायचा? उद्याच्या अहवालात घाला.’ फोटो ट्रेमध्ये राहिला. पहाटे खाणीतूनच हल्ला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दार लावून घेतलं आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, ‘फोटो आपल्या ट्रेमध्ये पडून होता हे बाहेर गेलं तर ही खोली बंद होईल. उद्या आपलं कोण ऐकेल? तिथला वायरलेस ऑपरेटर गेला, कमांडरही गेला. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?’ त्यांनीच पेन दिलं. काळ्या शाईचं.

साहेब वरिष्ठ, मी त्यांच्या हाताखालचा सुभेदार. मी काय करणार होतो? साहेब गेल्या वर्षी वारले, त्यामुळे आता त्यांना विचारताही येणार नाही. पण घडलं ते असं घडलं.

पत्र जरा जाड झालंय. जास्तीचं तिकीट लावलंय.

तुझा धाकटा

१६ मार्च

ती. ताई,

आज अठरावा दिवस. पाकीट परत आलेलं नाही.

बाराव्या दिवशी मी जिन्यात उभा राहिलो. तेराव्या दिवशी पोस्टमननेच हात हलवून ‘काही नाही’ अशी खूण केली. चौदाव्या दिवशी मी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली, आणि मग माझं मलाच हसू आलं. म्हणजे तू उघडलंस. वाचतेयस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आपण बोलतोय, आणि अशा वेळी मी तुला अर्धंच सांगितलं. गेलं पत्र खोटं नव्हतं, पण ते साहेबांच्या मागे लपून लिहिलेलं होतं. आता उरलेलं लिहितो.

आमचं हेडक्वार्टर एका शाळेत होतं आणि गुप्तवार्तेची खोली म्हणजे त्या शाळेची प्रयोगशाळा. भिंतीला बेसिनं होती, त्यांत आम्ही नकाशाच्या गुंडाळ्या उभ्या करायचो. साहेबांचं टेबल खिडकीशी, माझं बेसिनाशी, आणि माझ्या पाठीमागे तीन पावलांवर लोखंडी कपाट. त्या कपाटात आमच्या खबऱ्यांची कार्डं होती आणि किल्ली माझ्या खिशात. बाकी सगळ्यांना खबऱ्या म्हणजे फक्त नंबर. तो कोण, कुठे राहतो, कुणाचा कोण लागतो, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक असायचं.

बातमी आली की आम्ही तिला शेरा द्यायचो. माणसाला अक्षर, बातमीला आकडा. क म्हणजे भरवशाचा, घ म्हणजे पूर्वी खोटा पडलेला. १ म्हणजे पक्की बातमी, ५ म्हणजे केराची टोपली. एकट्या माणसाने आणलेली बातमी काही झालं तरी ३ च्या वर चढवायची नाही. दोन माणसांनी, एकमेकांना न भेटता, तेच सांगितलं, तरच ती १.

एकमेकांना न भेटता. या तीन शब्दांसाठी सरकार मला पोसत होतं.

त्या सकाळी दोन चिठ्ठ्या आल्या. सव्वीस नंबर म्हणतो, खाण रिकामी झाली, परवाच सगळे गेले. एक्केचाळीस नंबर म्हणतो तेच. दोघांना सांभाळणारे आमचे अधिकारी वेगळे, वाटा वेगळ्या. नियमाप्रमाणे मी उठून दोन्ही कार्डं काढायची, शेजारी ठेवायची, मगच आकडा चढवायचा. दोन मिनिटांचं काम.

मी उठलो नाही.

साहेबांनी घाई केली नव्हती. अहवाल न्यायला मोटरसायकलवाला यायचा होता, पण त्यालाही अर्धा तास अवकाश होता. मी उठलो नाही, कारण मला ती बातमी खरी हवी होती. भावजींची माणसं तीन आठवडे उघड्यावर झोपत होती. त्यांना डोक्यावर छप्पर मिळतंय आणि ती चांगली बातमी माझ्या हातून जातेय, या आनंदात मी ‘१’ काढला. चांगला ठसठशीत. खाली माझी आद्याक्षरं घातली, म्हणजे भावजींना कळावं की हे धाकट्याने पाठवलंय.

कार्डं मी दुसऱ्या दिवशी काढली, रजिस्टरमधलं काम उरकल्यावर. सव्वीस नंबर शिंपी. एक्केचाळीस नंबर दूधवाला. दूधवाल्याच्या कार्डावर नातेवाईकांच्या रकान्यात लिहिलं होतं: बहीण शिंप्याला दिलेली. अक्षर माझंच, तीन वर्षांपूर्वीचं. दूधवाला रोज सकाळी बहिणीच्या घरी बसायचा. मेहुण्याने ऐकलं ते त्याने ऐकलं. दोन तोंडं, पण बातमी एकच. शिंप्याच्या कानात ती कुणी आणि का घातली, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

एक मेहुणा दुसऱ्या मेहुण्याकडून ऐकतो आणि डोळे झाकून विश्वास ठेवतो, हे कार्ड न बघताही मला सुचायला हवं होतं. मी स्वतः दुसरं काय करत होतो?

दुपारी फोटो मागे राहिला त्याचंही मूळ हेच. साहेब म्हणाले ते नियमाला धरूनच होतं: एकटा फोटो ३, सकाळची बातमी १. तो १ माझा होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘साहेब, सकाळी मी कार्डं बघितली नाहीत.’ साहेब कडक होते, पण हे ऐकून त्यांनी वायरलेस स्वतः उचलला असता. मी म्हणालो नाही. लाज वाटली.

लाज, ताई. अकरा माणसं त्या लाजेपायी गेली.

हे वाचून तू काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेईन. उद्या सकाळी पेटीत टाकतो.

तुझा धाकटा

२ एप्रिल

ती. ताई,

सोळा मार्चचं पत्र मी पेटीत टाकलं नाही. टाकायला निघालो तर जिन्यात फौजदार उभी. गणवेशात, टोपी काखेत. चेहरा तुझा, उभं राहणं भावजींचं. मला वाटलं होतं की ती लहानपणीसारखी प्रश्नांची सरबत्ती करील. तिने आत येऊन खुर्ची ओढली आणि एकच विचारलं.

‘सूचना गेली होती का?’

‘पाणी घे आधी.’

‘आधी उत्तर द्या, मग पाणी.’

‘नाही गेली,’ मी म्हणालो.

मग पाणी प्यायली, पेला उपडा घातला, आणि म्हणाली, ‘हे लेखी द्याल?’ मी हातातलं पाकीट पुढे केलं. तिने पत्ता वाचला आणि हात मागे घेतला.

‘हे आईला लिहिलंय.’

‘सगळं आहे यात. कार्डांपासून.’

‘मामा, हे आईला पोचलं तर सगळं मुसळ केरात.’ मला कळेना. तिने मला समजावलं, वर्गात नव्या पोरांना समजवावं तसं. मी पूर्वी शपथेवर खोटं बोललेला माणूस, म्हणून माझं अक्षर घ. साहेब वारलेले, म्हणजे मेलेल्या माणसावर ढकलतोय असंच दिसणार. एकट्याची बातमी, ३ च्या वर चढणार नाही. फाइलला लागेल आणि ट्रेमध्ये पडून राहील.

‘दुसरी साक्ष हवी. आईच्या कपाटात बाबांचं एक पाकीट आहे. त्याच दिवशीचं, शिधा आणणाऱ्या गाडीबरोबर आलेलं. तिने मला कधी वाचू दिलं नाही. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असून चालायचंही नाही. मी मुलगी आहे, म्हणून यातून बाजूला होतेय. चौकशी दुसरे अधिकारी करतील. ते आईकडे जातील, तेव्हा तुम्ही काय कबूल केलंत यातलं अवाक्षरही तिला ठाऊक नसायला हवं. नाहीतर म्हणतील, भावाने शिकवलं आणि बहीण बोलली.’ थांबली आणि म्हणाली, ‘दोघांनी, एकमेकांना न भेटता. तुम्हीच घालून दिलेला नियम आहे. शाळेत अजून तुमच्या हातचा तक्ता लावलाय.’

‘सत्तावीस फेब्रुवारीचं गेलंय,’ मी म्हणालो.

‘काय गेलंय?’

‘पत्र. त्यात आहे. सूचना गेली नव्हती, हे त्यात आहे.’

‘आलं परत?’

‘नाही.’

ती उभी राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या चेहऱ्यावर जे पाहिलं होतं तेच तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ‘तुम्हाला बरोबर नको तेच करायचं सुचतं ना मामा,’ ती म्हणाली. ‘दर वेळी.’

जाताना सांगून गेली, की पाकीट परत आलं तर फोडू नका, आधीचीही कुठली फोडली असतील तर सांगा. मी एकही फोडलेलं नाही. सगळी पत्र्याच्या डब्यात आहेत, तारखेप्रमाणे लावलेली.

मी आता काय मागतोय बघ. महिनाभर तू माझं पत्र उघडलं असशील म्हणून मी हरखलो होतो. आता जिन्यात उभा राहून मनात म्हणतो, ताई, उघडू नकोस. नाकार. तुझा राग जरासुद्धा कमी झालेला नसू दे. हे पत्र लिहितोय तेही डब्यातच जाईल.

तुझा धाकटा

९ एप्रिल

ती. ताई,

आलं. एक्केचाळीस दिवसांनी. ‘घेण्यास नकार’. सही पूर्ण.

मी पाकीट चारी बाजूंनी तपासलं, भिंगाखाली धरून, टेबलाच्या दिव्याजवळ नेऊन. गोंद शाबूत आहे. पोस्टमनने विचारलं, ‘काका, वाईट बातमी का?’ मी म्हटलं, ‘चांगली आहे,’ आणि त्याच्यासमोरच रडलो. तो बिचारा पायरीवर पाच मिनिटं बसून राहिला.

फौजदाराला कळवलं. वीस पाकिटं तपास अधिकारी घेऊन गेले, मोजून, पावती देऊन. धडा तूर्त थांबवलाय.

धाकटा

३० मे

ती. ताई,

काल नव्या चौकशी समितीपुढे सगळं झालं. तू तिथे होतीस, तरी लिहितो. समोर बोलता आलं नाही तेवढं लिहितो.

सकाळपासून मला एका खोलीत बसवलं होतं आणि तुला दुसऱ्या. मध्ये पहारेकरी. माझा जबाब आधी झाला. मग वीस पाकिटं टेबलावर मांडून एकेकाचं तोंड तपासलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं, की साक्षीदारांमध्ये एकोणीस वर्षांत कोणताही संपर्क झालेला नाही. आपलं भांडण असं सरकारी भाषेत ऐकताना विचित्र वाटलं. मग तुला आत आणलं. केस पांढरे झालेत तुझे. चष्मा लागलाय. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तू पर्स उघडून भावजींचं पत्र दिलंस. अध्यक्ष म्हणाले, ‘हे त्या वेळी का नाही सादर केलंत?’ तू म्हणालीस, ‘मला कुणी विचारलं नाही.’

पत्र वाचणारा लेखनिक अगदी तरुण होता, स्वर सपाट ठेवून वाचत होता. वरच्या कोपऱ्यात तारीख, आणि भावजींच्या सवयीप्रमाणे वेळ: संध्याकाळचे पाच वीस. म्हणजे २१७-अ नंतर एक तास दहा मिनिटं. सूचना मिळालेला माणूस जे लिहील त्यातलं त्यात काही नव्हतं. पोरीच्या दाताची चौकशी होती, पायातल्या बुटाची तक्रार होती. आणि मग ती ओळ. मला ती पाठ झालीय:

‘खाण रिकामी असल्याचं सकाळीच कळलं. खाली धाकट्याची अक्षरं बघितली आणि निर्धास्त झालो. त्याच्या हातून गेलेली बातमी आहे, म्हणून आज पहारा निम्माच ठेवलाय. बाकीच्या पोरांना एकदा पोटभर झोपू दे.’

लेखनिक वाचून थांबला. मी तुझ्याकडे बघितलं, तू टेबलाकडे बघत होतीस. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं.

व्हरांड्यात मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘तुझी साक्ष झाली त्याच आठवड्यात. ते गेल्यावर चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मग तुझी साक्ष कानावर आली. दोन्ही शेजारी ठेवली. तेवढं मलाही कळतं.’

‘मग दिलं का नाहीस? त्यांचं नाव गेलं, ताई.’

‘देऊन काय झालं असतं? शपथेवर खोटं बोललास म्हणून तुला घेऊन गेले असते. एक गेला होता. दुसऱ्याला माझ्या हातानं कुठे पाठवू? आईने तुला माझ्या पदरात टाकलं होतं.’ तुझा आवाज चढला नाही. ‘म्हटलं, हा आपणहून येईल. दोन महिने लागतील, वर्ष लागेल. पोरगी शाळेतून रडत यायची, मुलं तिच्या बापाला काय काय म्हणायची. मी म्हणायचे, थांब.’

‘मी लिहीत होतो,’ मी म्हणालो.

‘म्हणूनच नाही उघडली. उघडलं असतं आणि त्यात ते नसतं, तर मला भाऊच उरला नसता. बंद होती, तोवर असेल असं म्हणता यायचं.’ मग म्हणालीस, ‘हे विसावं जाड होतं. पोस्टमास्तरांना सांगून काउंटरवर ठेवून घेतलं. रोज जाऊन बघून यायचे. हातात घ्यायचा धीर झाला नाही.’

इतक्यात फौजदार आली. दोरीने बांधलेला गठ्ठा तिने तुझ्या हातात दिला, चौकशीचं काम संपलं म्हणून. दगडावर अकरावं नाव घालायचा हुकूम निघेल असं तिने सांगितलं. अध्यक्ष म्हणाले होते, की दहाव्याखाली थोडी जागा आहे, बारीक अक्षरात बसेल. तिने तिथल्या तिथे सांगितलं, ‘नवा दगड लावा. मध्ये घुसवलेलं काही नको.’ माझ्यावर खटला उभा राहणार आहे. तो राहावा. मला त्याचं काही वाटत नाही.

तू गठ्ठा छातीशी धरलास. वीस पाकिटं म्हणजे काही ओझं नव्हे, पण तू दोन्ही हातांनी धरलास. ‘घरी जाऊन वाचते,’ म्हणालीस. ‘पहिल्यापासून.’ आणि तुझ्या आवाजात ते होतं, जे मला आई गेल्यावर तू चमच्याने भरवायचीस तेव्हा असायचं. मी मान हलवली.

रिक्षा गेल्यावर मी तिथेच फाटकाशी उभा राहिलो. त्या पाकिटांत काय आहे ते मला ठाऊक आहे. पहिल्यात थंडी आहे. दुसऱ्यात नव्या खोलीचं भाडं आणि खालचं सायकलचं दुकान. सहाव्यात माझा घसरलेला पाय. अकराव्यात चार पानं आहेत आणि त्या चार पानांत मी तुला समजावलंय की भावजी घाईच करायचे, स्वभावच होता. ताई, मी तसं लिहिलंय. पहिल्या अठरांत ते कुठेच नाही. एकोणिसाव्यात मी त्याला कारकुनी बाब म्हटलंय. विसाव्यात आहे, तेही अर्धं. पूर्ण आहे ते सोळा मार्चचं, आणि ते माझ्या डब्यात आहे, या पत्राबरोबर त्याच पाकिटात घालून आज टाकतोय.

खरं सांगायचं तर ‘खालून वाच, शेवटचं आधी उघड, बाकीची जाळून टाक’ एवढं सांगायलाच मी लिहायला बसलो होतो. पण ते सांगत नाही. एकदा मी क्रमात हात घातला होता. तुला पहिल्यापासून वाचायचंय, पहिल्यापासून वाच.

हे पोचेतो अकरावं उघडून झालं असेल. तसं असेल, आणि मग हे घ्यायचं नसेल, तर शिक्का मारून परत पाठव. मी जिन्यात असेन.

तुझा धाकटा